गळ्याची तयारी झाली, कागदाची कोण करून घेणार?

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

दहावी-बारावीचे निकाल लागले की वृत्तपत्रांतून करिअरविषयक मजकूर येऊ लागतो आणि अलीकडे त्यात संगीतालाही जागा मिळू लागली आहे, याचा माझ्यासारख्या माणसाला मनापासून आनंद होतो. नागपुरात महाल भागात गेली एकतीस वर्षे मी हार्मोनियम आणि सुगम संगीत शिकवतो आणि त्याच्या जोडीने ऑर्केस्ट्रात, भजनाच्या कार्यक्रमांत, ध्वनिमुद्रणात वाजवत आलो आहे. संगीतात करिअर कसे करावे यावर जे जे छापून येते ते मी कात्रणे काढून विद्यार्थ्यांना वाचायला देतो. त्यात रियाज असतो, गुरूची निवड असते, स्पर्धा आणि रिअॅलिटी शो असतात, मुंबईला केव्हा जावे याचा सल्ला असतो. माझ्या पिढीतील कितीतरी गुणी कलावंत ज्या एका गोष्टीपायी आयुष्यभर हलाखीत राहिले, तिचा मात्र उल्लेख कुठेच नसतो. ती गोष्ट म्हणजे कागद. करार, हक्क, मुदत, पावती आणि गाण्यावर लागणारे नाव. त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. पत्र लांबले तर क्षमा असावी.

गेल्या महिन्यातील एका संध्याकाळची हकीकत आहे. माझ्याकडे दहा वर्षे शिकलेला, विशारद पूर्ण केलेला, बावीस वर्षांचा एक विद्यार्थी वडिलांना सोबत घेऊन आला. त्याने स्वतः चाल बांधून गायलेले एक गाणे समाजमाध्यमांवर बऱ्यापैकी ऐकले गेले होते आणि परगावच्या एका कंपनीने ते घेण्याची तयारी दाखवून व्हॉट्सअॅपवर करारनामा पाठवला होता. बर्डीवर जाऊन त्याने त्याची प्रत काढून आणली होती. अकरा पाने, सगळा मजकूर इंग्रजी, अक्षर बारीक, प्रत्येक पानाच्या तळाशी सहीसाठी रेघ. दोन ठिकाणी त्याने पेन्सिलीने खूण केली होती. एका ठिकाणी म्हटले होते की गाण्याचे सर्व हक्क कायमचे आणि संपूर्ण विश्वात कंपनीकडे राहतील. दुसऱ्या ठिकाणी म्हटले होते की यानंतर कोणत्याही स्वरूपाच्या रॉयल्टीवर त्याचा दावा राहणार नाही. मोबदला एकरकमी नऊ हजार रुपये. “सर, दोनदा वाचलं, पण समजूनच नाही राहिलं,” मुलगा म्हणाला. वडील म्हणाले, “नऊ हजार देऊन तर राहिले ना सर! सुरुवातीला लोकं फुकटच गाऊन घेतात.”

यमनातला तीव्र मध्यम केसभर उतरला तरी या मुलाला तो खटकतो. दहा वर्षांत मी त्याला तेवढे नक्की दिले. पण मी त्याला विचारले की गाण्याचे शब्द कुणाचे, तेव्हा तो म्हणाला, वर्ध्याच्या मित्राचे. मित्राची लेखी संमती आहे का? नाही. गिटार आणि तालवाद्ये कुणी वाजवली? स्टुडिओवाल्याच्या ओळखीच्या मुलांनी, चहा-नाश्त्यावर. त्यांची नावे गाण्याखाली लिहिली आहेत का? तेही नाही. म्हणजे जे गाणे विकायला तो निघाला होता, त्यातले नेमके काय त्याच्या मालकीचे आहे याचा त्याने कधी विचारच केला नव्हता, आणि दहा वर्षे शिकवूनही मी त्याला तो करायला लावला नव्हता. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण अशाच एका कागदावर मी स्वतः सही केलेली आहे.

१९९७ साली एका कॅसेट कंपनीसाठी मी आठ भक्तिगीतांना चाली दिल्या. कंपनीचे नाव लिहीत नाही. ती आता अस्तित्वातही नाही. आठ दिवस आम्ही एका छोट्या खोलीत, पंखा बंद ठेवून, ध्वनिमुद्रण केले. शेवटच्या दिवशी मालकांनी वहीतले एक पान फाडून त्यावर लिहिले, ‘आठ गीतांच्या संगीताबद्दल सर्व हक्कांसह रुपये दोन हजार मिळाले’, त्यावर एक रुपयाचे रेव्हेन्यू स्टँप लावले आणि पेन माझ्या हातात दिले. मी सही केली. त्या काळी मला दोन हजार रुपयांची गरज होती आणि आपल्या चाली कॅसेटवर येणार याचा आनंद त्याहून मोठा होता. कॅसेटच्या वेष्टनावर संगीतकार म्हणून दुसऱ्याच माणसाचे नाव छापून आले. त्यातली दोन गीते आजही विदर्भातील जत्रांमध्ये, एकादशीला, लाउडस्पीकरवर लागतात. मी रस्त्याने जात असलो तर थांबून ऐकतो.

पुष्कळ वर्षांनी एका वकील स्नेह्यांनी ती पावती वाचली आणि सांगितले की तुम्ही तेव्हाच विचारायला हवे होते. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्याच्या कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी असावे लागते, त्यात कोणती कृती, कोणते हक्क, किती मुदत आणि कोणता प्रदेश हे नमूद करावे लागते, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे, प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारत, असे धरले जाते. मुदतीची ही तरतूद १९९४ च्या दुरुस्तीने आली आणि १९९५ च्या मे महिन्यापासून लागू झाली. माझी पावती त्यानंतरची. तिच्यात मुदतीचा शब्दही नव्हता. म्हणजे २००२ नंतर त्या चालींवर पुन्हा माझा हक्क सांगता आला असता आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. कायदा होता, तो माझ्या बाजूचाही होता. तो मला कुणी सांगितला नाही आणि मीही कधी विचारले नाही.

आपल्याकडे एक समज फार पक्का बसलेला आहे की दिल्लीला अर्ज करून नोंदणी केल्याशिवाय गाण्यावर हक्क मिळत नाही. तसे नाही. चाल बांधून ती लिहिली किंवा ध्वनिमुद्रित केली की हक्क तिथेच निर्माण होतो. नोंदणीचा उपयोग वाद उद्भवला तर पुरावा म्हणून होतो. एका गाण्यात निरनिराळे हक्क एकत्र नांदत असतात हेही पुष्कळांना ठाऊक नसते. शब्दांवर गीतकाराचा हक्क, चालीवर संगीतकाराचा, ध्वनिमुद्रणावर ते पैसे घालून करून घेणाऱ्याचा, आणि त्यात जे गातात-वाजवतात त्यांचा कलावंत म्हणून वेगळा हक्क. शब्द आणि चालीवरचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या पश्चात साठ वर्षे टिकतो. म्हणजे आज बावीस वर्षांचा मुलगा नऊ हजारांत जे देऊन टाकतो, ते त्याच्या नातवंडांच्याही वाट्याचे असते.

हे हक्क कलावंताला सहजासहजी मिळालेले नाहीत. चित्रपटासाठी पैसे देऊन करवून घेतलेल्या संगीताचा पहिला मालक निर्माता ठरतो, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीच्या प्रकरणात दिला. त्याच निकालपत्रात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गायकांना कायद्यात स्थानच नाही याकडे मुद्दाम लक्ष वेधले होते. त्याही आधी, साठच्या दशकात, गायकांना रॉयल्टी मिळाली पाहिजे असा आग्रह लता मंगेशकर यांनी धरला होता. महंमद रफी यांचे मत निराळे होते आणि त्या मतभेदापायी दोघांनी काही काळ एकत्र गाणे थांबवले होते. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा हक्क कायद्यात यायला १९९४ ची दुरुस्ती यावी लागली. आणि गीतकार-संगीतकारांसाठी सगळ्यांत मोठा बदल झाला तो २०१२ साली. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत त्यासाठी केलेली खटपट सर्वांना माहीत आहे. २१ जून २०१२ पासून लागू झालेल्या त्या दुरुस्तीनुसार, ध्वनिमुद्रिकेत किंवा चित्रपटात आलेल्या गाण्याच्या गीतकाराला आणि संगीतकाराला रॉयल्टीचा आपला समान वाटा मिळण्याचा हक्क कुणालाही देऊन टाकता येत नाही. कायदेशीर वारस आणि कॉपीराइट सोसायटी, म्हणजे कलावंतांच्या वतीने रॉयल्टी वसूल करणारी संस्था, एवढेच त्याला अपवाद. त्याविरुद्ध करार केला तर तो त्यापुरता रद्दबातल ठरतो. (चित्रपटगृहात चित्रपटासोबत गाणे वाजते तेवढा वापर यातून वगळलेला आहे.)

माझ्या विद्यार्थ्याने पेन्सिलीने खूण केलेली दुसरी ओळ आपण या प्रकाशात पुन्हा वाचावी. जे सोडून देण्याची मुभा कायदाच देत नाही, ते सोडून दिल्याचे त्याच्याकडून लिहून घेतले जात होते. अशी सही केली तरी कायदा त्याच्याच बाजूने राहील हे खरे. पण सही केलेला मुलगा वर्षभराने पैसे मागायला जाईल तेव्हा त्याच्यापुढे ते अकरावे पान धरले जाईल, आणि त्यावर कोर्टात जाण्याची ऐपत महालातल्या किंवा नंदनवन वस्तीतल्या घरात नसते.

गायक आणि वादकांच्या बाबतीत कायद्याची व्याख्या वाचण्यासारखी आहे. कलावंत कोण, तर अभिनेता, गायक, वादक, नर्तक, कसरतपटू, जादूगार, गारुडी, व्याख्यान देणारा, अशी ती यादी आहे. आमच्या तबलजींना मी जेव्हा सांगितले की या यादीत ‘वादक’ हा शब्द स्पष्ट आहे, तेव्हा त्यांचा विश्वास बसला नाही. चाळीस वर्षे वाजवूनही आपण ‘साथीला’ असतो, आपला कसला हक्क, असेच ते धरून चालले होते. हा हक्क पन्नास वर्षांचा आहे आणि ध्वनिमुद्रणाचा व्यापारी वापर झाला तर कलावंताला रॉयल्टी मिळावी अशी तरतूद २०१२ च्या दुरुस्तीत आहे. ती वसूल करणे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. त्यासाठी गीतकार-संगीतकारांची इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी १९६९ पासून आहे आणि नव्या कायद्याप्रमाणे २०१७ साली तिची फेरनोंदणीही झाली. गायकांची म्हणून सुरू झालेली संस्था पुढे वादकांनाही सामावून घेऊन इंडियन सिंगर्स अँड म्युझिशियन्स राइट्स असोसिएशन या नावाने काम करते. माझ्या ओळखीतल्या नागपूरच्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मंडळींत मी विचारत फिरलो. सोसायटीचा सभासद असलेला एकच जण भेटला, आणि तोही पुण्यात राहून आलेला.

आता कॅसेट राहिली नाही, त्यामुळे हा सगळा प्रश्न जुना झाला असे कुणी म्हणू नये. उलट तो जास्त नाजूक झाला आहे. पूर्वी वेष्टनावर निदान कुणाचे तरी नाव छापले जाई. आता गाणे चढवताना एक अर्ज भरायचा असतो, त्यात संगीतकार, गीतकार, गायक, वादक असे रकाने असतात, आणि घाईत असलेली मुले सगळ्या रकान्यांत आपलेच नाव लिहितात किंवा ते कोरे ठेवतात. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला बारा अक्षर-अंकांचा एक आंतरराष्ट्रीय संकेतांक मिळतो, त्यावरून ते जगात कुठे वाजले याचा हिशेब लागतो. नावेच चुकीची असतील तर तो हिशेब तुमच्यापर्यंत पोहोचायचा कसा? शिवाय ऐकण्याच्या सेवांमधून मिळणारी रक्कम सुरुवातीला इतकी थोडी असते की तीवर घर चालेल अशा भ्रमात राहू नये. स्पॉटिफायने तर २०२४ पासून नियमच केला की मागील बारा महिन्यांत हजार वेळाही न ऐकल्या गेलेल्या ध्वनिमुद्रणाला रॉयल्टीच द्यायची नाही. यूट्यूबवर जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा हवा तर किमान हजार सदस्य आणि वर्षभरात चार हजार तास पाहिले गेलेले असणे ही नेहमीची अट. हे आकडे मी मुलांना फळ्यावर लिहून देतो. त्यामुळे त्यांचा उत्साह मावळत नाही, असा माझा अनुभव आहे. उलट हिशेब कळला की ती जास्त नेटाने कामाला लागतात.

पोट भरते ते प्रत्यक्ष कार्यक्रमांवर, आणि त्या बाबतीत आपले नागपूर गरीब नाही. लोक समजतात त्यापेक्षा इथे काम पुष्कळ आहे. गणपती आणि नवरात्र आहेच. लग्नसराईत संगीत संध्या असतात. वरातीपुढे आणि मिरवणुकांत धुमाल आणि संदलची पथके वाजतात, आणि त्यातले कीबोर्ड, पॅड आणि ताशा वाजवणारे हात कोणत्याही मोठ्या मंचावर शोभतील असे तयार आहेत. दीक्षाभूमीवर अशोक विजयादशमीला आणि १४ एप्रिलला शहरभर भीमगीतांचे कार्यक्रम होतात, त्यात कव्वालीच्या ढंगाने गाणारे, रात्र-रात्र आवाज टिकवणारे गायक आहेत, ज्यांची नावे करिअरच्या पुरवण्यांत कधी येत नाहीत. डिसेंबर-जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलने, उन्हाळ्यात शिबिरे. आणि पूर्वेला गेले की झाडीपट्टी.

झाडीपट्टीविषयी थोडे जास्त लिहितो, कारण तिथे मी दोन हंगाम ऑर्गन वाजवला आहे. दिवाळी झाली, धान कापून झाले, गावोगावच्या मंडया म्हणजे जत्रा सुरू झाल्या की गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या भागांत नाटकांचा हंगाम लागतो आणि तो होळीच्या आसपासपर्यंत चालतो. देसाईगंज म्हणजे वडसा इथे नाटक कंपन्यांची कार्यालये आहेत. रात्री जेवणे आटोपल्यावर पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत. मंचालगत ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड घेऊन वादक बसतात आणि गाणी तिथल्या तिथे, नट-नटींच्या तोंडून, साथीवर होतात. थंडीत बोटे आखडतात म्हणून आम्ही मध्यंतरात शेकोटीवर हात शेकून पुन्हा सुरांवर ठेवायचो. झाडीपट्टीतले नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्या लोकांना या रंगभूमीची ओळख झाली, पण वादकांना हंगामभर सलग काम देणारी अशी दुसरी जागा मला विदर्भात माहीत नाही. नागपूरच्या संगीत शिकणाऱ्या मुलांनी ती कमी प्रतीची समजू नये, असे मला कळकळीने सांगायचे आहे. चार महिने रोज रात्री पाच-सहा तास वाजवणे यापेक्षा मोठा रियाज कोणता?

या सगळ्या कामांत मात्र कागद कुठेच नसतो. सुपारी फोनवर ठरते, इसार दिला तर दिला. चार वर्षांपूर्वी नवरात्रात एका मंडळाने आमचा नऊ दिवसांचा कार्यक्रम ठरवला. आम्ही सहा जणांनी त्या नऊ रात्रींची दुसरी कामे नाकारली. तिसऱ्या दिवशी पाऊस आला, मंडप भिजला, चौथ्या दिवशी आम्हांला न कळवता डी.जे. बसवला गेला. पैसे मागायला गेलो तेव्हा उत्तर मिळाले की वाजवले तेवढ्या दिवसांचे घ्या. लेखी काहीच नसल्यामुळे आमच्याजवळ बोलायला तोंड नव्हते. आमच्यातल्या ऑक्टोपॅडवाल्या मुलाने वाद्य हप्त्यावर घेतलेले होते. त्या दिवाळीत त्याने ते विकले आणि आता तो एका गोदामात हिशेब लिहितो. त्याचे बोट पॅडवर पडले की मंडपातले म्हातारेही मान हलवायचे. संगीतातून माणूस बाहेर पडतो तेव्हा कला कमी पडली असेच आपण समजतो. या मुलाच्या बाबतीत कमी पडला तो अर्ध्या पानाचा कागद.

असा कागद करायला वकील लागत नाही. कार्यक्रमाची तारीख, जागा आणि वेळ, एकूण मानधन, इसार किती आणि उरलेले केव्हा, आयोजकांनी किंवा पावसाने कार्यक्रम रद्द झाला तर किती द्यायचे, ध्वनियंत्रणा आणि प्रवासखर्च कुणाचा, कार्यक्रमाचे चित्रीकरण करून ते पुढे वापरायचे असेल तर त्याची वेगळी संमती, आणि पत्रिकेत साथीदारांची नावे. एवढे मराठीत लिहून दोघांनी सह्या केल्या तरी पुरे. मी गेली चार वर्षे असे पत्र दिल्याघेतल्याशिवाय वाजवत नाही. सुरुवातीला दोन-तीन ठिकाणी लोक रागावले, ‘आमच्यावर भरवसा नाही का’ म्हणाले. पण बहुतेकांनी सही केली, आणि एका जुन्या गणेश मंडळाच्या अध्यक्षांनी तर सांगितले की यामुळे आमचाही हिशेब सोपा झाला.

कराबद्दल दोनच गोष्टी. मोठे आयोजक मानधनातून साधारणपणे दहा टक्के टीडीएस कापतात, आणि उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरल्यावर ते परत मिळतात. आमच्याकडची निम्मी मुले विवरणपत्रच भरत नाहीत आणि आपले पैसे सरकारजमा ठेवतात. दुसरे, शास्त्रीय किंवा लोककलेच्या सादरीकरणाचे मानधन दीड लाखापर्यंत असेल तर त्यावर जीएसटी लागत नाही, हे आयोजकांनाही पुष्कळदा ठाऊक नसते.

पालक मला नेहमी विचारतात की नोकरी करावी की गाणे. मी त्यांना सिव्हिल लाइन्समधले डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह दाखवतो. वसंतरावांचे बालपण आपल्या नागपुरात गेले, शंकरराव सप्रे यांच्याकडे त्यांनी इथेच धडे घेतले, सी. रामचंद्र यांनाही सप्रे गुरुजींचीच तालीम लाभली. अशा तोलामोलाच्या गायकाने अनेक वर्षे लष्करी हिशेब खात्यात नोकरी केली आणि पूर्णवेळ गाण्याला वाहून घेतले ते त्यानंतर. नोकरीमुळे त्यांचे गाणे उणे झाले असे कुणी म्हणणार नाही. तेव्हा आकाशवाणीची श्रेणी मिळेपर्यंत, चार शिकवण्या आणि दहा कायमचे आयोजक जोडेपर्यंत मुलाने दुसरे काम केले तर त्यात कमीपणा नाही. फक्त त्या कामाच्या पगारपत्रकाकडे तो जितक्या बारकाईने पाहतो तितक्याच बारकाईने त्याने गाण्याच्या करारनाम्याकडे पाहावे.

आमच्या संगीत विद्यालयांकडे माझी एक विनंती आहे. प्रारंभिकपासून विशारदपर्यंत मुले सात परीक्षा देतात. दहावीला कलेचे वाढीव गुण मिळतात म्हणून येणाऱ्यांचीही संख्या मोठी आहे, आणि त्याला माझी हरकत नाही, कारण त्यातलीच काही पुढे टिकतात. लेखी पेपरात मुले विष्णु दिगंबर पलुस्करांचे चरित्र लिहितात, १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन झाले हे त्यांना तोंडपाठ असते. पण पलुस्करांनी राजाश्रय सोडला, तिकीट लावून जाहीर मैफली केल्या, संगीताची पुस्तके स्वतः छापली, मुंबईला विद्यालयाची इमारत बांधली आणि ती कर्जापायी गमावलीही, या भागाकडे आपण चरित्राची तळटीप म्हणून पाहतो. कलावंताने व्यवहारात स्वतःच्या पायावर उभे राहायचे म्हणजे काय करायचे, हे त्या आयुष्यात सगळे आहे, यशही आणि अपयशही. विशारदच्या वर्गात वर्षातून दोन रविवार जरी एखाद्या वकिलांना, एखाद्या चार्टर्ड अकाउंटंटना आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्या अनुभवी माणसाला बोलावले तरी मुलांचे पुष्कळ भले होईल. अभ्यासक्रम बदलण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. एखादा मोठा हॉल आणि सतरंज्या एवढेच लागते.

आपल्या दैनिकाकडेही दोन मागण्या आहेत. कार्यक्रमाची बातमी देताना शेवटच्या ओळीत साथसंगत करणाऱ्यांची नावे येतात, ती जागा कमी पडली की पहिल्यांदा कापली जातात. ती कृपया कापू नयेत. वादकाजवळ आपल्या कामाचा पुरावा म्हणून पुष्कळदा तेवढे कात्रणच असते. माझ्या घरी अशी कात्रणे लावलेली एक वही आहे आणि आकाशवाणीच्या ध्वनिचाचणीच्या वेळी मी तीच सोबत नेली होती. दुसरी मागणी अशी की महिन्यातून एकदा, कायद्याच्या जाणकारांकडून, गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे देणारे छोटे सदर चालवावे. प्रश्न पाठवणाऱ्यांची वानवा पडणार नाही याची हमी मी देतो.

त्या विद्यार्थ्याचे पुढे काय झाले हे सांगायचे राहिले. आम्ही तिघांनी बसून कंपनीला उत्तर लिहिले. मुदत पाच वर्षे, प्रदेश भारत, गीतकार म्हणून वर्ध्याच्या मित्राचे नाव आणि त्याची सही, वादकांची नावे आणि त्यांचे मानधन, वर्षभरात गाणे प्रकाशित न केल्यास हक्क परत, आणि रॉयल्टीचे ते कलम पूर्ण काढून टाकावे, असे त्यात होते. वडिलांना वाटत होते की आता कंपनी फोनच उचलणार नाही. नवव्या दिवशी उत्तर आले. मुदतीला त्यांनी दहा वर्षांपर्यंत मान्यता दिली आहे, नावे मान्य आहेत, वादकांच्या मानधनाला होकार आहे, रॉयल्टीच्या कलमावर विचार करतो म्हणाले आहेत. मुलाने अजून सही केलेली नाही. दरम्यान तो सोसायटीच्या सभासदत्वाचा अर्ज भरतो आहे आणि त्या दोन गिटार-तालवाल्या मुलांना शोधून त्यांची पूर्ण नावे लिहून घेऊन आला आहे.

कार्यक्रमासाठीचे आमचे अर्ध्या पानाचे मराठी पत्र आणि कंपनीला पाठवलेल्या उत्तराचा मसुदा, त्यातली नावे वगळून, मी या पत्रासोबत जोडला आहे. जागा असेल तर तो छापावा. कुणीही तो उतरवून घेऊन वापरावा, त्यावर माझा कोणताही हक्क नाही.

आपला विश्वासू,
एक हार्मोनियमवादक व संगीतशिक्षक,
महाल, नागपूर